सारखे म्हणजे एकच का?

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या जर्मनीहून आठ दिवसांसाठी ठाणाकुशनूरला आला होता. तिकडे तो काय शिकतो असे गावात कोणी विचारले की त्याचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ, 'गणित' एवढेच सांगून मोकळा होतो. मी स्वतः तीस वर्षे मुलांना गणित शिकवले. एवढ्या उत्तरावर माझे समाधान होईना. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, ओसरीवर चहा घेताना, मी त्याला धरून बसवले आणि म्हटले, "नाव तरी सांग." त्याने सांगितले: सममित गटांच्या क्रिया असलेल्या बीजगणितीय ओपेरॅडांचा होमोटॉपी सिद्धांत. मी हसलो. तोही हसला. पण मग त्याने दोन दिवस मला जे समजावले, त्याने माझी झोप उडाली. आणि ती गणिताच्या अवघडपणामुळे उडाली नाही. आमच्या सामाईक विहिरीचा वीस वर्षांपूर्वीचा एक हिशोब त्या गणिताने माझ्यासमोर उघडा केला. वाचकांनी थोडा धीर धरावा. गणितातून विहिरीपर्यंत मी त्यांना नेतो.

शाळेत आपण दोन गुणधर्म पाठ करतो. दोन अधिक तीन बरोबर तीन अधिक दोन, ही क्रमनिरपेक्षता. आणि तीन संख्यांची बेरीज करताना कंस कोठेही घाला, उत्तर तेच, हे साहचर्य. मी हे फळ्यावर हजार वेळा लिहिले असेल. मुलांनी कधी शंका घेतली नाही, मीही घेतली नाही. पुतण्या म्हणाला, "मोठे बाबा, संख्यांपुरते ते खरे आहे. पण ज्या गोष्टींना आकार आहे, ज्या हलतात, त्यांच्यात कंस सरकवला की उत्तर तेच राहत नाही. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत न तुटता, न फाटता, हळूहळू जाता येते, एवढेच." या हळूहळू जाण्याला होमोटॉपी म्हणतात. म्हणजे दोन गोष्टी एकच आहेत असे न म्हणता, एकीपासून दुसरीपर्यंत वाट आहे असे म्हणायचे. आणि मग ती वाट कोणती हेही सांगायचे.

इथे मला आमच्याकडची बैठक आठवली. तिघांत तंटा असला की कधी आधी दोघांचे जुळवतात आणि मग तिसऱ्याकडे जातात, कधी उलट. शेवटी समेट एकच लिहिला जातो. पण आपल्याला शेवटी विचारले, हे तिसरा जन्मभर विसरत नाही. कागदावर कंस दिसत नाही, माणसाच्या मनात तो राहतो. जेम्स स्टाशेफ या अमेरिकन गणितज्ञाने १९६३ साली या कंसांचाच हिशोब मांडला. चार वस्तू असतील तर कंस घालण्याच्या पाच रीती होतात; त्या पाच रीती पाच कोपऱ्यांवर ठेवल्या आणि एकीतून दुसरीत जाण्याच्या वाटा जोडल्या की पंचकोन होतो. पाच वस्तू घेतल्या की रीती चौदा होतात आणि पंचकोनाच्या जागी भरीव घनाकृती उभी राहते. पुढे १९७२ साली जे. पीटर मे यांनी अशा सर्व रीतींच्या साठ्याला ओपेरॅड हे नाव दिले. ऑपरेशन्स आणि मोनॅड या दोन शब्दांची ती सांधणी आहे. किती वस्तू घेऊन त्यांची एक वस्तू किती तऱ्हांनी करता येते, त्या तऱ्हा एकमेकींत कशा बसवायच्या, आणि घेतलेल्या वस्तूंचा क्रम बदलला तर काय होते, या तिन्हींची नोंद ठेवणारी ती वहीच म्हणा ना. त्यातली क्रम बदलण्याची जी तिसरी बाब, तिथे सममित गट येतो. दोन वस्तूंचे क्रम दोन, तिन्हींचे सहा, चारांचे चोवीस.

चोवीस म्हटल्याबरोबर मी पुतण्याला थांबवले. कारण हा आकडा आमच्या घरात रोज म्हटला जायचा. आमचे वडील संध्येत केशव, नारायण, माधव, गोविंद अशी चोवीस नावे घेत. विष्णूला चार हात, हातांत शंख, चक्र, गदा, पद्म. कोणत्या हातात काय, हे बदलत गेले की चोवीस मूर्ती होतात आणि प्रत्येकीला वेगळे नाव. (कोणत्या क्रमाला कोणते नाव याबाबत पुराणापुराणांत फरक आहेत, ही गोष्ट वेगळी.) भास्कराचार्यांनी लीलावतीत, म्हणजे ११५० साली, अंकपाश या शेवटच्या प्रकरणात नेमके हेच विचारले आहे: हरीच्या चार आयुधांचे किती मूर्तिभेद, आणि दहा हातांच्या शंभूचे दहा आयुधांनी किती? हरीचे चोवीस. शंभूचे छत्तीस लाख अठ्ठावीस हजार आठशे. हे उदाहरण मी मुलांना दरवर्षी सांगायचो, कारण एवढा मोठा आकडा एका देवाच्या हातात मावतो याची मुलांना गंमत वाटे. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात, इ. स. १२०७ च्या, भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे, हेही सांगायचो. म्हणजे क्रम मोजण्याची ही विद्या आपल्याकडे निदान साडेआठशे वर्षांची आहे.

पण पुतण्याने मला त्याच प्रकरणातला पुढचा नियम आठवून दिला. अंक पुन्हा पुन्हा आले तर काय करायचे? दोन, दोन, एक, एक असे चार अंक असतील तर त्यांच्या संख्या चोवीस होत नाहीत, सहाच होतात. दोन 'दोन' एकमेकांच्या जागी ठेवले तर संख्या बदलत नाही; म्हणून चोवीसला दोनाने आणि पुन्हा दोनाने भागायचे. नियम बरोबर आहे. मीही तो शिकवला. आता विष्णूच्या मूर्ती आणि हे अंक शेजारी ठेवून पाहा. मूर्तीत कोणतीही अदलाबदल करा, काहीतरी हलते, नाव बदलते आणि ते नाव लक्षात ठेवले जाते. देव मात्र एकच. अंकांत अदलाबदल केली तरी काहीच हललेले दिसत नाही, म्हणून ती अदलाबदल झाली की नाही हेच पुसून जाते. गणिताच्या भाषेत पहिली क्रिया मोकळी, दुसरी अडकलेली. दोन 'दोनां'ना याची तक्रार नसते. दोन भावांना असू शकते.

आता विहिरीकडे येतो.

आमच्या भागाला वाटणी नवी नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचा जुना बीदर जिल्हाच तीन राज्यांत वाटला गेला: उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्याकडे, जहिराबाद, नारायणखेड आंध्राकडे, आणि आम्ही औराद, भालकी, हुमनाबादवाले म्हैसूरकडे. घरे मराठी, पहाणी कन्नड, सोयरे उदगीरला. आमच्या घरची वाटणी मात्र फार सोपी झाली. वडील गेल्यावर २००३ साली आम्ही दोघा भावांनी रान निम्मे निम्मे केले. आवाज चढला नाही, पंच बोलवावे लागले नाहीत. विहीर बांधावर होती, ती सामाईक ठेवली. वडिलांच्या वेळी पाणी दिवसाआड असायचे. मी गणिताचा मास्तर. मला ती रोजची धावपळ बेंगरूळ वाटली. मी आठवड्याची पाळी लावली: एक आठवडा माझा, एक आठवडा भावाचा. वही केली, दोन रकाने पाडले, पाळी झाली की बरोबरची खूण. वर्षाअखेर दोन्ही रकान्यांत खुणा सारख्या. मला त्या वहीचा अभिमान होता. पाहुण्यांना दाखवायचो.

त्या काळात आमच्या शिवारात मोटारीची वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री अशी येत असे.

एवढ्या वाक्यावर शहाणा वाचक थांबला असेल. मी थांबलो नाही. माझे दारं धरायला सालगडी होता, मी शाळेत. कोणत्या वेळी पाणी फिरले हे मला कधी विचारावेसे वाटले नाही. माझा आठवडा दिवसाच्या विजेचा, भावाचा रात्रीच्या विजेचा. पुढच्या पंधरवड्यात पुन्हा तेच. पाळी दोनाची, वीजही दोनाची. दोन्ही चाके बरोबरीने फिरत राहिली आणि तीन रब्बी हंगाम माझ्या भावाने हरभऱ्याला आणि उसाला पाणी रात्रीच दिले. भावजय एकदा दारात उभी राहून, डोक्यावरचा पदर सारखा करीत म्हणाली होती, "भावजी, आमची पाळी कधी दिवसा आलीच नाही बघा." मी आतून वही आणून तिच्यापुढे धरली. मोज, म्हणालो. तिने मोजले नाही. २००६ च्या जानेवारीत एका रात्री विहिरीच्या ओल्या पायऱ्यांवरून भाऊ घसरला. खुबा मोडला. जीव वाचला, पण तेव्हापासून तो उजवा पाय ओढत चालतो. मी दवाखान्यात महिनाभर उशाशी बसलो, खर्च केला, आणि हा अपघात आहे असे समजलो. पुढे मोटारी वेगळ्या झाल्या, मग भावाने बोअर घेतली, वही माळ्यावर गेली.

हे सगळे पुतण्याला ठाऊक होते की नाही, मला माहीत नाही. तो तेव्हा आठ वर्षांचा होता. त्या संध्याकाळी तो मला गाड्यांचे उदाहरण देत होता. अरुंद पाणंदीत समोरासमोर दोन बैलगाड्या आल्या तर त्यांना जागा बदलता येत नाही. कोण पुढे, कोण मागे, हे कायमचे ठरलेले. त्याच गाड्या मोकळ्या माळावर आणा. आता जागा बदलता येईल, पण दोन तऱ्हांनी: एकमेकीला डावीकडे ठेवून किंवा उजवीकडे ठेवून. डावी वाट हळूहळू सरकवत उजवी करू म्हटले तर मध्ये गाड्या एकमेकींवर आदळतात. म्हणून माळावर दोनदा अदलाबदल केली म्हणजे काहीच केले नाही असे होत नाही. एक फेरा पडतो आणि तो फेरा राहतो. आता गाड्यांऐवजी पाखरे घ्या. त्यांना वर-खालीही जागा आहे, म्हणून डावी वाट वरून फिरवून उजवी करता येते. मात्र तिथे नवी, आणखी वरच्या पातळीची पोकळी उरते. दिशा वाढवत नेल्या की या पोकळ्या एकेक करून बुजत जातात. अखेर अशी जागा मिळते की जिच्यात कोणत्याही दोन वाटा एकमेकींत मिसळतात. तिथे क्रमाला खरोखरच महत्त्व उरत नाही.

"म्हणजे शेवटी एक बिंदूच झाला की," मी म्हणालो. मास्तरकीची सवय, उत्तर आधी सांगायचे.

"नाही मोठे बाबा," तो म्हणाला, "इथेच सगळी मेख आहे. ती जागा आवळत गेली तर बिंदूएवढी होईल हे खरे. पण बिंदूत अदलाबदल केली तर काही हलत नाही. या जागेत प्रत्येक अदलाबदलीला काहीतरी हलतेच. दोघे सारखे आहेत, आणि तरी कोण कोठे होता हे पुसलेले नाही."

मग आधीच बिंदू घेतला तर बिघडते कोठे, हा माझा प्रश्न. त्याने दिलेले उत्तर मी माझ्या भाषेत मांडतो. जिथे दोनाने, तिनाने, कितीनेही भागता येते, त्या अंकगणितात फारसे बिघडत नाही. दोन क्रम आहेत ना? दोन्ही घ्या, बेरीज करा, दोनाने भागा. सरासरी निघाली, कोणावर अन्याय नाही. पण अंकगणिते अनेक आहेत. सम आणि विषम एवढेच जिथे दोन अंक, तिथे एक अधिक एक म्हणजे शून्य. त्या जगात दोनाने भागणे म्हणजे शून्याने भागणे. ते होतच नाही. दोन्ही क्रमांची बेरीज केली आणि दोन्ही सारखे निघाले, तर हातात शून्य येते आणि निम्मे कशाचे करायचे हेच कळत नाही. अशा ठिकाणी घाईने 'सगळे क्रम एकच' म्हणून बिंदू घेतला की पुढचे हिशोब चुकतात, आणि चुकले हे दिसतही नाही. म्हणून बोर्डमन आणि फोग्ट यांच्यापासून, १९७३ पासून म्हणा, या विषयातली मंडळी बिंदूच्या जागी ती ऐसपैस, मोकळ्या क्रियेची जागा वापरण्याचा आग्रह धरतात. २००३ साली बर्गर आणि मूर्डाइक यांनी अशा ओपेरॅडांचे होमोटॉपी शास्त्र कोणत्या अटींवर उभे राहते हे नीट घालून दिले. भागाकार चालणारच, हे गृहीत धरायचे नाही, एवढा त्यातला भाग मला पुरता समजला.

तो बोलत होता आणि माझ्या डोळ्यांसमोर माझी वही. सम आठवडा, विषम आठवडा. दोन आठवडे गेले की पुन्हा जिथल्या तिथे. मी वर्षभराची सरासरी काढून निर्धास्त होतो, आणि त्या जगात सरासरी पडतच नव्हती. कितीही वर्षे थांबला असता तरी भावाच्या वाट्याला दिवस आला नसता. हे उदाहरण गणिताशी तंतोतंत जुळत नाही, असे पुतण्याने मागाहून मला बजावले. त्याच्या शास्त्रात आठवडे नाहीत आणि विहिरी नाहीत. मान्य. पण चुकीची जात मला एकच दिसते. मी दोन भावांना दोन 'दोन' समजलो. अदलाबदल केली तरी बेरीज बदलत नाही ना, मग कोण कोठे होता हे कशाला लिहायचे?

यावर कोणी म्हणेल, मास्तर, उगाच गणिताला वेठीस धरता. डोळे उघडे ठेवले असते तर पुरे होते. ते खरे आहे. पण मी डोळे मिटले ते आळसाने नव्हे, हे मला सांगायचे आहे. मी समानतेच्या नावाने मिटले. अन्याय करणाऱ्याला निदान कधीतरी चाहूल लागते. समान वाटप केलेल्या माणसाला चाहूल लागायला जागाच नसते. त्याच्याजवळ वही असते. आपल्याकडे समानतेचा विचार फार जुना. लीलावती लिहिली गेली त्यानंतरच्या थोड्याच वर्षांत आमच्याच जिल्ह्यातल्या कल्याणात बसवेश्वरांच्या भोवती नाना धंद्यांची माणसे एका मंडपात बसू लागली होती. त्या मंडपातल्या माणसांची नावे आजही त्यांच्या धंद्यासह घेतली जातात: डोहर कक्कय्या, नुलिय चंदय्या. कातडी कमावणारा, दोर वळणारा. सगळे शरण सारखे, असे म्हणताना धंदा पुसून टाकता आला असता. त्यांनी तो पुसला नाही. मी लहानपणापासून ही नावे ऐकत आलो. ती अशी का राहिली असतील हा विचार मात्र मला सत्तरीत सुचला.

एक शंका उरते आणि तिचे उत्तर माझ्याजवळ पुरते नाही. सगळ्याची नोंद ठेवायची म्हटले तर नात्यात काय उरते? भावाभावांत कोण कधी कोठे होता याचा हिशोब ठेवणे हेच मुळात फाटाफुटीचे लक्षण मानतात. आमची आई म्हणायची, घरात मोजायला लागले की घर संपले. तिचे म्हणणे मी कधी खोडू शकलो नाही. तरी मला वाटते, आई स्वतः मोजत होती. कोणाला काल शेवटची भाकरी आली, हे तिला न लिहिता पाठ असे, आणि म्हणूनच आज त्याला पहिली मिळे. आम्हाला ती मोजत नाही असे वाटायचे, एवढेच. मी तिच्यासारखे लक्षात ठेवले नाही आणि वहीत फक्त खुणा केल्या. दोन्हींतले वाईट तेवढे घेतले.

पुतण्या परत जाण्याच्या आदल्या रात्री मी भावाच्या घरी गेलो. विहिरीची गोष्ट काढली. पाळ्या कशा लावायला हव्या होत्या हेही सांगितले: एका पंधरवड्यात आधी मी मग तू, पुढच्या पंधरवड्यात आधी तू मग मी. क्रमच उलटत गेला असता तर दिवस-रात्र दोघांना सारखी आली असती. एवढे सोपे होते. भाऊ पाय लांब करून बसला होता, तो चोळीत म्हणाला, "दादा, मला ते पहिल्याच हंगामात कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू वही दाखवली असतीस."

भावजयीने चहा ठेवला. नंतर बराच वेळ उसाच्या तोडीविषयी बोलणे झाले.

यंदा भावाची बोअर आटली आणि त्याचे पाणी पुन्हा जुन्या विहिरीवर आले. विजेच्या वेळा आता पूर्वीसारख्या ठरून येत नाहीत. मी नवी वही आणली: तारीख, कोण, दिवस की रात्र, किती तास, दारं कोणी धरलं. भावाने ती उघडली, पहिल्या ओळीत स्वतःच्या हाताने तारीख घातली आणि तिसऱ्या रकान्यात 'रात्र' लिहिले. पाळी माझी होती. सालगडी आता नाही. बॅटरी घेऊन मी निघालो, तर तो मागून ओरडला, की पायऱ्यांवर शेवाळ आहे, बांधाच्या कडेने जा.